चहानंतरचा पहिला नग

निरंजन सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाही कोपरापर्यंत वर सारली आणि उजवा हात पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या तोंडात घातला.

"दाबा," ते म्हणाले.

बाळू मिस्त्रींनी पेडलवर पाय दिला. क्लच धरल्याचा खट् आवाज झाला, वरचा लोखंडी ठोकळा सुटला आणि चार बोटंही खाली न येता जागच्या जागी थरथरून थांबला. खाली सरांचा हात होता, पंजा उघडलेला, बोटं पसरलेली.

"अजून एकदा," सर म्हणाले. ठोकळा पुन्हा सुटला, पुन्हा थांबला.

कारखान्याचे मालक रणवरे यांनी देशिंगकर साहेबांकडं पाहिलं. देशिंगकर साहेब म्हणजे सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. रणवरे म्हणाले, "बघितलंत साहेब? आधी दांडक्यावर झालं, मग हातावर झालं. आता आणि काय बघायचं राहिलं? यंत्र कधीच चुकत नाही. कॅमेऱ्यावर फडकं टाकून ठेवायचं, आणि मग यंत्राच्या नावानं बोंब मारायची."

शालन भोरे भिंतीजवळच्या स्टुलावर बसली होती. पस्तिशीची असेल. उजवा हात तिनं पदराखाली घेतला होता. त्या हाताला अंगठा राहिला होता, बाकी काही नाही.

"फडकं मी काढलं हुतं," ती म्हणाली.

"काढलं असतंस तर यंत्र थांबलं असतं," रणवरे म्हणाले. "आत्ता थांबलं की नाही? तुझ्या डोळ्यांदेखत थांबलं."



मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. कोल्हापुरातल्या एका छोट्या कंपनीत लागून सहा-सात महिने झाले होते. आम्ही आठजण मिळून प्रेसवर बसवायची एक सुरक्षा यंत्रणा बनवत होतो. प्रेसच्या तोंडावर कॅमेरा, बाजूला वहीएवढा काळा डबा, त्या डब्यात संगणक. पेडल दाबलं की कॅमेरा फोटो घ्यायचा, प्रोग्राम त्यात माणसाचा हात आहे का ते बघायचा आणि असेल तर ब्रेक लावायचा. पत्र्याचे नग काढणाऱ्या कारखान्यांत बोटं जाणं इतकं नेहमीचं, की जुनी माणसं एकमेकांना हातावरून ओळखायची. ते थांबवायचं म्हणून निरंजन इंगवले यांनी पुण्यातली चांगली नोकरी सोडली होती. प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. मालक भरतेश मगदूम फक्त पैसा आणि गिऱ्हाईक बघायचे.

सर मला शिकवायचे ते एकच. वेळ मोजायला. या कामात प्रोग्राम बरोबर उत्तर देतो की नाही, एवढं पुरत नाही. ते किती वेळात देतो, त्यावर सगळं. मी पहिल्यांदा मोजून आकडा घेऊन गेले, तेव्हा त्यांनी आकड्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"घड्याळ कुठलं वापरलंस?"

"संगणकाचंच, सर."

"संगणकात दोन-तीन घड्याळं असतात. भिंतीवरच्यासारखं एक असतं. ते इंटरनेटवरून मध्येच दुरुस्त होतं, मागं-पुढं सरकतं. तू मोजत असतानाच सरकलं तर? फक्त पुढं जाणारं घड्याळ घे. दुसरं काही चालू होतं का? गाणी? मेल? सगळं बंद कर. आणि किती वेळा चालवलास?"

"एकदा."

"नाझनीन, एकदा मोजणं म्हणजे न मोजणं. हजार वेळा चालव, मग माझ्याकडं ये."

ते ओरडत नसत. पण परत जाऊन हजार वेळा चालवल्याशिवाय त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत होत नसे. आमच्या प्रोग्रामची वेळ मी रुजू व्हायच्या आधीच त्यांनी मोजून ठेवली होती. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले तीस. ठोकळ्याला खाली यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागायचा. त्या तीसवर सरांचा इतका विश्वास होता, की गिऱ्हाइकाला दाखवताना ते स्वतःचा हात आत घालायचे. आधी एक लाकडी दांडकं, त्यावर कामगारांचा कापडी हातमोजा चढवलेला. मग स्वतःचा हात. मगदूम साहेब म्हणायचे, "इंगवल्यांचा हात म्हणजे आमची जाहिरात." अकरा कारखान्यांत आमचे डबे बसले होते.

आणि मग रणवऱ्यांच्या कारखान्यात शालनची बोटं गेली.

बातमी आली त्या दिवशी सर जेवले नाहीत. रणवऱ्यांच्या कारखान्यातला डबा काढून आणला, ऑफिसात टेबलावर ठेवला आणि दोन दिवस त्याच्यावर मोजत बसले. मी शेजारीच होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पडद्यावरचा आकडा मला दाखवला. तीसच. एखादाही जास्त नाही.

"आपला प्रोग्राम वेळेत आहे," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, पण सुटका होती. "कॅमेऱ्याला हात दिसलाच नसणार."

रणवऱ्यांनी तेच उचललं. बायका चहाला जाताना कॅमेऱ्यावर तेलाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून फडकं टाकायच्या, हे खरं होतं. शालननं परत आल्यावर ते काढलंच नाही, असं ठरलं. सरांनी इन्स्पेक्टर ऑफिसला लिहून दिलं की हजार वेळा मोजलं, वेळ तीसच आली, यंत्रणेत दोष आढळला नाही. शालनचं नाव त्यात त्यांनी कुठंही घेतलं नव्हतं. पण त्या कागदानंतर तिच्यावरच सुरक्षा साधनाशी छेडछाड केल्याची तक्रार गेली. पोलीस घरी येऊन तिचा जबाब घेऊन गेले. हाताचे टाके अजून ओले होते.

देशिंगकर साहेबांना मात्र ते प्रकरण कागदावर मिटवायचं नव्हतं. ते म्हणाले, जागेवर दाखवा, त्या बाईच्या समोर. म्हणून आम्ही तिथं उभे होतो.

"झालं म्हणायचं का मग?" रणवऱ्यांनी विचारलं.

देशिंगकर साहेब शालनकडं वळले. "बाई, तुमचं काय म्हणणं आहे? बोला. घाबरू नका."

"मी काय सांगणार साहेब," शालन म्हणाली. "यंत्र थांबतंय, ते मला बी दिसतंय. पण त्या दिवशी असं न्हवतं."

"कसं होतं?"

"चहा झाला. मी येऊन बसले. फडकं काढलं, खुंटीला लावलं. पयलाच नग हुता. पत्रा जरा तिरका बसला म्हणून सरळ कराय हात घातला, आणि पाय पडला पेडलवर. पायाला काय कळतंय? पर मी भ्याले न्हाई. मला वाटलं, थांबंल. लई येळा थांबलं हुतं तसं." तिनं पदराखालच्या हाताकडं पाहिलं. "न्हाई थांबलं."

"मग चहा होऊ दे," देशिंगकर साहेब म्हणाले.

"म्हणजे?" रणवऱ्यांना कळलं नाही.

"म्हणजे त्या दिवशी जसं झालं तसं करू. मशीन बंद ठेवू नका, फक्त सोडून द्या. चहा घेऊ. रोज घेता तेवढाच वेळ. मग परत इथं येऊ."

रणवऱ्यांनी खांदे उडवले. शेडमधल्या बायका, मिस्त्री, सगळे बाहेर पत्र्याच्या सावलीत गेले. सरही गेले. मी गेले नाही. जिची बोटं गेली त्या बाईच्या देखत कपबशी हातात घ्यायला मला लाज वाटत होती. शालनही गेली नव्हती. ती स्टुलावरच होती, मी प्रेसच्या मागं, आमच्या डब्याजवळ. शेड इतकी शांत झाली होती, की पत्र्यावर कावळे चालताना त्यांची नखं ऐकू येत होती.

"तुमी बी त्या कंपनीतल्याच का?" तिनं विचारलं.

"हो."

"कुठल्या तुमी?"

"इथलीच. शिरोळ तालुक्यातली."

"लगीन?"

"नाही अजून."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "ते तुमचं साहेब चांगलं हाईत. आल्या आल्या मला नमस्कार केला त्यांनी. वाईट असतं तर बरं झालं असतं. भांडाय तरी आलं असतं."

हात ठेवायला जागा हवी म्हणून मी डब्यावर हात ठेवला. सकाळी तो परत बसवून आम्ही सारखा चालवून बघत होतो, तेव्हा हात लावला होता, तर तो तव्यासारखा तापलेला होता. आता तो कोमट होता. थोड्या वेळानं पुन्हा हात लावला. कोमटही राहिला नव्हता. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. काम नसलं की यंत्र निवतंच.

माणसं परत आली. बाळू मिस्त्री पेडलपाशी उभे राहिले. सरांनी दांडकं उचललं, त्यावरचा हातमोजा नीट ओढून घेतला.

"दांडकं कशाला?" शालन म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती उभी राहिली होती.

"मघाशी तुमी हात घातलासा की साहेब. आता बी हातच घाला. त्या दिवशी मला आधी कुणी दांडकं दिलं न्हवतं."

"ए, काय बोलतीस?" रणवरे पुढं आले.

"बरोबर आहे त्यांचं," सर म्हणाले. त्यांनी दांडकं खाली ठेवलं. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, मला वाटतं, त्यांना बरंच वाटलं. इतक्या दिवसांत त्या बाईनं त्यांच्याकडं काहीतरी मागितलं होतं आणि ते त्यांना देता येण्यासारखं होतं. "ताई, तुम्ही म्हणता तसं करतो."

"इंगवले, मी याला परवानगी देत नाही," देशिंगकर साहेब म्हणाले.

"साहेब, दोन वर्षं करतोय मी हे. मघाशीही केलं." त्यांनी बाही वर सारली. हात प्रेसच्या तोंडात गेला. "मिस्त्री."

बाळू मिस्त्रींनी पाय उचलला.

आजही मला सांगता येत नाही, की नेमकं काय जुळलं. मी फार हुशार नव्हते. माझा तळवा अजून त्या डब्यावर होता आणि तो गार होता, एवढंच. आमच्या ऑफिसात तो डबा मी कधीच गार पाहिला नव्हता. आम्ही मोजायचो तेव्हा तो तापलेला असायचा, कारण आम्ही त्याला क्षणाची उसंत न देता चालवत असायचो.

"सर!" मी ओरडले. "सर, डबा गार पडलाय!"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. एखाद्या माणसाला आपल्या घरातून धूर येताना दिसावा तसा त्यांचा चेहरा झाला. मी काही समजावलं नव्हतं. मला समजावताच आलं नसतं. त्यांना मात्र सगळं समजलं होतं.

"पाय काढा मिस्त्री," ते म्हणाले. हळूच हात बाहेर घेतला. मग तेच दांडकं उचललं, हातमोज्याचं टोक आत धरलं, स्वतः लांब सरकले आणि म्हणाले, "आता."

खट्. आणि मग दुसरा आवाज. ठोकळा पूर्ण खाली आला. लाकूड फुटल्याचा आवाज माझ्या दातांत जाणवला. ठोकळा आपल्या चालीनं वर गेला, तेव्हा सरांच्या हातात दांडक्याचं मागचं टोक राहिलं होतं. हातमोजा साच्यात चिकटून बसला होता, पापडासारखा चपटा, पाचही बोटं पसरलेली.

बायकांतली एक खाली बसली.

"परत," सर म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "नाझनीन, दुसरं दांडकं. गाडीत आहे."

मी धावत जाऊन आणलं. दुसरा हातमोजा चढवला. या वेळी ठोकळा वरच्या वर थांबला. परत केलं, थांबला. परत, थांबला. पाच-सहा वेळा केलं, दर वेळी थांबला.

"आता पुन्हा तेवढाच वेळ सोडून देऊ," ते म्हणाले.

"कशाला आता?" रणवरे पुटपुटले. "कळलं की."

"एकदा मोजणं म्हणजे न मोजणं," सर म्हणाले.

पुन्हा सगळे थांबलो. या वेळी चहाला कुणी गेलं नाही. पन्नास माणसं एका यंत्राभोवती उभी राहून ते गार व्हायची वाट बघत होती. आणि मग दुसरं दांडकंही फुटलं.

सरांनी देशिंगकर साहेबांना शांतपणे सांगितलं. काम नसलं की हा संगणक आपला वेग आपोआप उतरवतो, वीज वाचावी म्हणून. प्रोग्रामचे जे भाग लागत नाहीत ते हाताशी ठेवत नाही, बाजूला सारतो. कुणी तसं करायला सांगितलेलं नसतं, तो घडवलेलाच तसा असतो. मग अचानक पेडल दाबलं, की आधी त्याला जागं व्हावं लागतं, बाजूला ठेवलेलं गोळा करावं लागतं. त्यानंतर तो हात शोधणार. पहिल्या वेळी तीसचे तीनशेच्या वर जात असणार. तोवर ठोकळा खाली आलेला असतो. दुसऱ्या वेळेपासून सगळं ठीक.

"म्हणजे रोज चहानंतरचा पहिला नग," देशिंगकर साहेब म्हणाले.

"आणि जेवणानंतरचा. आणि सकाळचा."

मग सर बाहेर गेले आणि शेडच्या पायरीवर बसून फोन लावायला लागले. उरलेल्या दहा कारखान्यांना. मी शेजारी उभी राहून नंबर काढून देत होते. प्रत्येकाला ते तेच सांगत होते: "निरंजन इंगवले बोलतोय. आमची यंत्रणा बसवलेला प्रेस आत्ता बंद करा. शिफ्ट संपल्यावर नाही, आत्ता. मी फोनवर थांबतो." आणि पलीकडचा घरघर आवाज थांबेपर्यंत ते खरंच थांबायचे.

चौथ्या-पाचव्या फोनच्या मध्ये मगदूम साहेबांचा आला. पायरीवर इतकी शांतता होती, की मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं.

"इंगवले, रणवऱ्यांनी सांगितलं मला. दुरुस्ती किती वेळची आहे?"

"दोन दिवस. वेग उतरू द्यायचा नाही, प्रोग्राम सतत जागा ठेवायचा. मग सगळं पुन्हा मोजायचं."

"मग दोन दिवसांनी अपडेट म्हणून पाठवू. सगळीकडं फोन कशाला करताय? कंपनी संपेल. आठ घरं आहेत आपली."

"साहेब, दोन दिवसांत दहा कारखान्यांत किती वेळा चहा होतो?"

सरांनी फोन ठेवला आणि पुढचा नंबर मागितला.

तो कागलकडच्या एका कारखान्याचा होता. मॅनेजरनं सगळं ऐकून घेतलं. प्रेस बंद केला. मग म्हणाला, "साहेब, एक विचारू? दिवाळीनंतर आमच्याकडं एकाचं असंच झालं. दोन बोटं गेली. तो म्हणत होता, मशीन थांबलं नाही."

"तुम्ही कळवलं नाहीत?"

"काय कळवणार? तुमचं यंत्र चुकत नाही म्हणून तुम्हीच हात घालून दाखवला होता. आम्हाला वाटलं, पिऊन आला असंल. काढून टाकला त्याला."

"कुठं असतो तो आता?"

"काय माहीत? बिहारकडचा होता. नावही धड आठवत नाही. छोटेलाल का कायतरी."

सरांनी फोन मांडीवर ठेवला. बराच वेळ त्यांनी पुढचा नंबर मागितला नाही. मग मागितला.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. शालनवरची तक्रार मागं घेतली गेली. आमची कंपनी त्याच वर्षी बंद पडली. मगदूम साहेबांनी गावाकडं दूध डेअरी काढली. सरांवर खटला उभा राहिला, कारण दोष नाही असं लिहून देणारी सही त्यांची होती. त्यांनी वकील लावला, पण त्याला बचाव करू दिला नाही. शिक्षा लहान होती, ती त्यांनी भोगली. नंतर छोटेलालच्या शोधात ते दोनदा बिहारला जाऊन आले. त्या नावाची माणसं पुष्कळ होती. तो मिळाला नाही. मी पुण्यात आले, आणि अजून प्रोग्राम मोजायचंच काम करते.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

शेवटचा फोन झाला तेव्हा कारखाना सुटला होता. सर पायरीवरच बसून होते. शालन आतून बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. सर उठायला लागले, तर तिनं डाव्या हातानं बसा म्हणून खूण केली.

"म्हंजे आता मी खोटी न्हाई न्हवं?" तिनं विचारलं.

"नाही ताई. तुम्ही फडकं काढलं होतं."

शालन म्हणाली, "साहेब, सगळी म्हणायची, यंत्र तिसात थांबतंय, तिसात थांबतंय. पोलीस म्हणायचं, मालक म्हणायचं. आमचा नवरा बी म्हणायचा, शालन, आठवून बघ, न्हाई काढलं असशील. मी रोज आठवायची. आठवून आठवून मला बी वाटाय लागलं हुतं, की मी काढलंच न्हाई. खुंटीवरचं फडकं डोळ्यांपुढं आणायची तर ते कॅमेऱ्यावरच दिसायचं."

सरांनी मान खाली घातली.

"एक विचारते. तुमी एवढं मोजतासा. हजार येळा मोजलं म्हणतासा. मग हे कसं न्हाई घावलं?"

मला वाटलं, ते संगणकाचं काहीतरी समजावतील. ऑफिसातली खोली वेगळी, कारखान्यातली शेड वेगळी, असं काही.

"घावलं होतं," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"दर वेळी घावायचं. हजार वेळा चालवलं की पहिला आकडा मोठा यायचा. तीनशे, साडेतीनशे. मग पुढचे सगळे तीस. आम्हाला शिकवलेलं असतं, की यंत्र तापेपर्यंतचे आकडे धरायचे नाहीत. ते खरे नसतात, त्यांनी सरासरी बिघडते. म्हणून पहिला आकडा मी टाकून द्यायचो. तुमचा अपघात झाल्यावरसुद्धा, तोच डबा टेबलावर ठेवून मोजला, तेव्हाही पहिला साडेतीनशे आला. मी बघितला. आणि टाकून दिला."

"टाकून दिला," ती म्हणाली.

"हो."

तिच्या खांद्यावरचा पदर घसरला. तिनं तो डाव्या हातानं वर घेतला, खोचायला गेली, तर जमेना. पुन्हा घसरला. मी पुढं होऊन तो नीट केला, पिन लावली. तिनं मला लावू दिली. माझ्याकडं बघितलं नाही.

"घरला सोडतासा का?" तिनं सरांना विचारलं. "आणि हे जे आत्ता सांगितलासा, ते आमच्या घरात सांगा. मी सांगून कुणाला पटायचं न्हाई."

आम्ही तिला गाडीतून घेऊन गेलो. गल्ली अरुंद होती, गाडी कोपऱ्यावर सोडावी लागली. तिचा नवरा दारातच होता. पेंटरचं काम करायचा, हाताला अजून रंग होता. सर चप्पल काढून आत गेले, जमिनीवर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन उठला आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला. मग तिची सासू आली. "काय म्हणत्यात साहेब?" तिनं विचारलं. सरांनी तिला सांगितलं. शेजारच्या दोन बायका दारात आल्या, त्यांना सांगितलं. शाळेतून तिची मुलगी आली, दप्तर न काढताच आईजवळ बसली, तिलाही सांगितलं. अंधार पडायला लागला तरी गल्लीतली माणसं येतच होती. शालन भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून, आणि नवं माणूस दारात आलं की डोळे उघडून सरांकडं बघत होती.

आणि सर प्रत्येकाला पुन्हा पहिल्या आकड्यापासून सांगत होते.